फोनला भूक लागते

एप्रिलात गच्चीवर बिबडे घालताना
हात कोपरापर्यंत घाट्यात बुडालेले.
अशा वेळी दुर्वेश येतो,
"माले दे ना व माय."
मी हनुवटीनेच दाखवते,
कमरेला खोचलाय, घे.
दहा मिनिटं, म्हणते.
दहा म्हणजे किती, त्याला कळत नाही,
चार वर्षांचा आहे.
मलाही कळत नाही,
खाटेवर शेवटचा बिबडा पडेपर्यंत.

मग काढून घ्यायचा, तर खोटं बोलावं लागतं.

आधी म्हणायची, फोन झोपला.
मोक्षदा सातवीत असल्यासारखं बोलते, आहे सात वर्षांची,
"मग रात्री तू त्याला का उठवतेस?"
मग म्हटलं, आत पोलीस बसलाय.
दुर्वेश दिवसभर त्याच्या बाहेर यायची वाट बघत बसला.
कुलूप बदललं. पण काचेवर पिठाचा माग राहतो,
मोक्षदा फोन उन्हात तिरका धरते
आणि माझं बोट वाचते.

शेवटचं खोटं तेवढं टिकलं:
फोनला भूक लागली, आता जेवू दे त्याला.
वायर लावायची
आणि ठेवायचा वर, मीटरच्या फळीवर.

रात्री सव्वानऊला याच फोनमध्ये
पोरांचे पप्पा येतात.
सुरतेहून, लूमची पाळी संपवून.
मागे भिंत, दोरीवर बनियन,
पंख्याने हलणारं.
मी विचारते, जेवलात का?
ते म्हणतात, नाही अजून.
रोजचंच बोलणं. त्यात ऐकण्यासारखं काही आहे
असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी फोन चार्जच होईना.
वायर उलटी केली, सुलटी केली,
शेजारच्या निंबाबाईंचा चार्जर आणला.
नऊ टक्के. चार. मग काळी काच
आणि तिच्यात माझंच तोंड.

काळी-पिवळीत बसून अमळनेरला गेले.
स्टँडमागच्या रईसने भिंग लावलं, सुई घेतली,
कागदावर एकेक काढून ठेवलं:
मुगाच्या डाळीचे चार दाणे,
भाकरीचा कण, कळण्याच्या.
"ताई," म्हणाला, "याला पथ्यावर ठेवलंय काय?"
दुकानातले सगळे हसले. मीही हसले.
पन्नास रुपये दिले, आणि घरापर्यंत
हसू उतरत उतरत राग झाला.

हात उगारलाच होता.
दुर्वेश भिंतीला टेकला,
"पप्पा जेवना नव्हता ना!"

उगारलेला हात मी केसांकडे नेला,
जणू अंबाडाच सुटला होता.

आता खोटं बोलत नाही.
सांगते, फोन माझा आहे, नाही देत, रड.
पहिल्या दिवशी अकरा मिनिटं रडला,
मोक्षदाने भिंतीवरच्या घड्याळात मोजली.
दुसऱ्या दिवशी आठ.
तिसऱ्या दिवशी गल्लीत शेळी व्यायली
आणि रडायचंच राहून गेलं.
असं रोज होत नाही. शेळ्या रोज वीत नाहीत.
परवा ताप होता त्याला,
मीच दिला फोन, तासभर,
आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.

बिबड्यांच्या वेळी फोन खाली, पोरं वर.
कावळे हाकलायला ठेवलीत,
आणि ओले बिबडे कावळ्यांपेक्षा जास्त तीच खातात.

सव्वानऊला हल्ली आधी दुर्वेश विचारतो,
"पप्पा, जेवना का?"
काल ते म्हणाले, हो.
"काय?"
ते थांबले. मागचं बनियन हलत होतं.
"वरणबट्टी," म्हणाले.

उधन्याच्या मेसमध्ये कुठली वरणबट्टी.
दुर्वेशचं समाधान झालं, तो झोपायला गेला.
मोक्षदाने माझ्याकडे पाहिलं.
मी फोनला वायर लावली.